घरी गाणं ऐकण्यासाठी कमी बजेटमधले स्पीकर: पॅसिव्ह की ॲक्टिव्ह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मन लावून गाणं ऐकणाऱ्यांसाठी आहे. हॉलमध्ये किंवा टेबलावर दोन स्पीकर मांडून, साधारण १० ते ४० हजार रुपयांत चांगला स्टिरिओ आवाज ज्यांना हवा आहे, त्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. होम थिएटर आणि साउंडबार हा वेगळा विषय आहे.

पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह यांत नेमका फरक काय?

पॅसिव्ह स्पीकरच्या खोक्यात वूफर (खालचे, जाड स्वर वाजवणारा), ट्वीटर (वरचे, बारीक स्वर वाजवणारा) आणि दोघांना आपापल्या वाट्याचा आवाज देणारा क्रॉसओव्हर एवढंच असतं. त्याला विजेचा प्लग नसतो. बाहेरचा ॲम्प्लिफायर दोन तारांमधून त्याला ताकद पुरवतो. क्रॉसओव्हर म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर बसवलेलं एक छोटं सर्किट. ॲम्पमधून आलेला जोरकस सिग्नल ते वूफर आणि ट्वीटरमध्ये विभागून देतं.

ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ही विभागणी ॲम्पच्या आधीच होते, सिग्नल अजून क्षीण असताना. मग वूफरला एक ॲम्प आणि ट्वीटरला दुसरा. म्हणजे स्टिरिओ जोडीत एकूण चार ॲम्प असतात. ड्रायव्हर (म्हणजे वूफर आणि ट्वीटर), खोकं आणि ॲम्प एकाच इंजिनियरच्या हातात असल्यामुळे तो एकाला दुसऱ्याशी बेतून घेऊ शकतो. वूफर जिथे कमी पडतो तिथे त्याला थोडा जोर द्यायचा, फाटायची भीती असेल तिथे आवर घालायचा. लहानशा ॲक्टिव्ह स्पीकरमधून अनपेक्षित भरदार बास ऐकू येतो, त्याचं कारण हेच.

दुकानदार ज्याला ॲक्टिव्ह म्हणतो ते सगळे खरंच ॲक्टिव्ह असतात का?

नाही, आणि स्वस्त गटात तर बहुतेक नसतात. एडिफायर आर१२८०टी ही लोकप्रिय जोडी पाहा. तिच्या एका खोक्यात दोन्ही बाजूंचा ॲम्प आहे आणि दुसऱ्या खोक्यात साधी वायर जाते. आत क्रॉसओव्हर पॅसिव्हच आहे. अशा जोडीला ‘पॉवर्ड’ म्हणणं जास्त बरोबर. याउलट जेबीएल ३०५पी मार्क २ खऱ्या अर्थाने ॲक्टिव्ह आहे: प्रत्येक खोक्यात ४१-४१ वॅटचे दोन ॲम्प, एक ५ इंची वूफरला आणि एक ट्वीटरला.

ओळखायची सोपी खूण अशी. दोन्ही खोक्यांना विजेची वायर वेगवेगळी लागत असेल, तर ते बहुधा ॲक्टिव्ह. एकालाच लागत असेल आणि दुसरा त्याला तारेने जोडलेला असेल, तर बहुधा पॉवर्ड. पण पॉवर्ड म्हणजे वाईट असं मुळीच नाही. १० हजारांच्या आसपास सोय आणि आवाज दोन्ही पाहिले तर हीच जात सर्वात परवडते. फक्त खऱ्या ॲक्टिव्हचे गुण तिच्या नावावर खपवले जाऊ नयेत.

माझं बजेट १५ हजार आहे. एका वाक्यात सांगा, काय घेऊ?

पॉवर्ड किंवा ॲक्टिव्ह घ्या.

या रकमेत पॅसिव्ह जोडी, ॲम्प, वायर आणि ब्लूटूथ किंवा डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्पला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) असं सगळं बसवायचं म्हटलं तर पैसे चार ठिकाणी वाटले जातात आणि स्पीकरच्या वाट्याला सर्वात कमी येतात. आवाजाचा खरा स्वभाव ठरवतो तो स्पीकर. तिथेच काटकसर झाली तर बाकी खर्चाला अर्थ उरत नाही. याला अपवाद एकच: घरात चालू स्थितीतला ॲम्प आधीपासून आहे.

बजेट ३०-४० हजार असेल तर?

इथे खरी निवड सुरू होते आणि माझं उत्तर माणूस पाहून बदलतं. टेबलावर लॅपटॉपसमोर बसून ऐकणार असाल, पुन्हा काही बदलायची हौस नसेल, तर चांगले ५ इंची ॲक्टिव्ह मॉनिटर (स्टुडिओत वापरतात तसे स्पीकर) घ्या. त्या अंतरावर तेवढ्याच पैशात पॅसिव्ह संच त्यांची बरोबरी क्वचितच करतो. हॉलमध्ये सोफ्यावरून ऐकायचं असेल, टीव्ही, सीडी प्लेअर, टर्नटेबल असं बरंच काही जोडायचं असेल आणि पुढची १५-२० वर्षं हीच जोडी सांभाळायची असेल, तर पॅसिव्हकडे माझा कल आहे. कारण दुरुस्तीच्या प्रश्नात दिलं आहे.

वडिलांचा जुना स्टिरिओ ॲम्प माळ्यावर आहे. त्याला नवे पॅसिव्ह स्पीकर लावता येतील?

बहुतेक वेळा हो, आणि हा सर्वात समाधानाचा मार्ग आहे. मात्र थेट नवे स्पीकर जोडू नका. आधी जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्या: आउटपुटवर डीसी व्होल्टेज येतं का, कपॅसिटर फुगलेत का, व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर किती आहे. आउटपुटवर डीसी येणारा ॲम्प स्पीकरची कॉइल जाळू शकतो. मागे किमान किती ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या रोधाचं माप) स्पीकर लावायचे ते लिहिलेलं असतं. ‘८ ओहम’ एवढंच लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर त्याच्या गळ्यात घालू नका. ६ ओहमचे मध्यम आवाजात बहुधा चालतात, पण ॲम्प किती तापतो ते हात लावून पाहत राहा.

किती वॅट हवेत? खोक्यावर ५००० वॅट पीएमपीओ लिहिलंय!

पीएमपीओचा आकडा वाचायचाच नाही. त्याला मोजमापाचा कोणताही ठराविक नियम नाही. आरएमएस वॅट, म्हणजे ॲम्प सलग देऊ शकतो ती ताकद पाहा, आणि तेही किती डिस्टॉर्शनवर (आवाजाच्या विकृतीवर) मोजलेत ते पाहा. हाताच्या पंजाएवढ्या क्लास-डी ॲम्पवर जो मोठा आकडा छापतात, तो बऱ्याचदा १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेला असतो. त्या पातळीला आवाज उघड फाटतो. स्वच्छ आवाजासाठी त्यातले थोडे कमीच धरा.

आता हिशोब करू. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आहे. जेबीएल स्टेज ए१३० ची तेवढीच आहे. म्हणजे सुमारे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, पण दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून त्यातले बरेच परत देतात. थोडक्यात, सोफ्यावर बसून १ वॅटला ८० डेसिबलच्या वर आवाज मिळतो. हा फ्लॅटमध्ये चांगला मोठा आवाज झाला. निवांत ऐकताना आपण ७० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे वॅटचा दहावा भाग. तबल्याची थाप किंवा तानेचं टोक सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उसळलं, तर त्या क्षणी १०० पट ताकद लागते: १० वॅट.

म्हणून १० बाय १२ च्या हॉलला २०-३० खरे वॅट पुरतात. त्यापुढे वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

स्टुडिओ मॉनिटर घरी ऐकायला चालतात का? म्हणे ते रूक्ष वाजतात.

चालतात. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते न रंगवता ऐकवणं हे त्यांचं काम आहे. ज्याला रूक्ष म्हणतात तो पुष्कळदा वाईट रेकॉर्डिंगचा किंवा फरशी-काचांनी भरलेल्या खोलीचा दोष असतो. कोलकात्याची सोनोडाइन कंपनी आपल्याकडे बऱ्याच काळापासून असे ॲक्टिव्ह मॉनिटर बनवते आहे. यामाहाचा एचएस५ आणि वर सांगितलेला जेबीएल ३०५पी घरोघरी दिसतात.

अडचणी दुसऱ्याच आहेत. पहिली, जोडणीची: या दोन्हींना मागे एक्सएलआर आणि टीआरएस ही स्टुडिओतली सॉकेट आहेत, घरच्या उपकरणांवर असतं ते लाल-पांढरं आरसीए नाही. म्हणजे योग्य केबल वेगळी घ्यावी लागते. दुसरी, व्हॉल्यूमची: प्रत्येक खोक्याचं बटण मागे आणि वेगळं. रिमोट नाही. त्यामुळे मध्ये व्हॉल्यूम असलेला डॅक किंवा ऑडिओ इंटरफेस हवाच. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. तिसरी, सूं सूं असा बारीक आवाज. ॲम्प कायम ट्वीटरला जोडलेला असल्यामुळे काही स्वस्त मॉनिटर गाणं बंद असताना हलकं फुसफुसतात. हॉलमध्ये दोन मीटरवरून ते ऐकू येत नाही. रात्री टेबलावर, हातभर अंतरावर येऊ शकतं. शांततेची आवड असलेल्याने घेण्याआधी रिकाम्या वेळी ट्वीटरला कान लावून पाहावा.

मी शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत ऐकतो. ४ इंची वूफर पुरेल की मोठा हवा?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर पाश्चात्त्य परीक्षणांत सापडत नाही. तिथे बासची कसोटी ४० हर्ट्झवर लागते. आपण तानपुऱ्याचा हिशोब करू. काळी १ मध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झ. काळी ४ मध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज २०८ च्या आसपास आणि खर्ज १०४. शिवाय तानपुऱ्याचा मूळ स्वर त्या मानाने क्षीण असतो. जवारीमुळे जे भरून येतं ते त्यावरचे उपस्वर असतात, शेकडो ते काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले.

म्हणून या संगीताला ३५ हर्ट्झपर्यंत जाणारा राक्षसी वूफर लागत नाही. लागतो तो स्वच्छ मध्य भाग आणि न टोचणारा ट्वीटर. ४ इंची चांगली जोडी गायकीला पुरते. बायाँचा घुमारा, मोठ्या वाद्यवृंदाचा भरणा आणि सिनेसंगीतातली बास गिटार अंगावर यायला हवी असेल, तर ५ ते साडेसहा इंची घ्या.

ऐकताना कसोटी अशी: तानपुरा दोन्ही स्पीकरच्या मधोमध एक वाद्य म्हणून उभा राहतो का, की नुसतं गुणगुण करणारं पार्श्वसंगीत होतो? हार्मोनियम आणि गायकाचा आवाज एकाच स्वरावर आले तरी वेगळे कळतात का? इथे ज्या जोडीचं उत्तर ‘हो’ येईल ती, ॲक्टिव्ह असो वा पॅसिव्ह, बिनधास्त घ्या.

आमचा हॉल १० बाय १२ चा. स्पीकर भिंतीला टेकूनच ठेवावे लागतात. कोणता प्रकार बरा?

इथे ॲक्टिव्हला एक खरा फायदा आहे. भिंतीजवळ, त्यातही कोपऱ्यात, बास फुगतो आणि गायकाचा आवाज छातीतून आल्यासारखा जड होतो. अनेक ॲक्टिव्ह मॉनिटरच्या मागे यासाठी स्विच असतो. जेबीएल ३०५पीवर तो ‘बाउंड्री ईक्यू’ नावाने आहे, यामाहा एचएस५ वर ‘रूम कंट्रोल’ नावाने २ किंवा ४ डेसिबल कमी करता येतात. पॅसिव्हमध्ये ही सोय खोक्यात नसते. ॲम्पच्या बास बटणावर किंवा फोनच्या ईक्यूवर (स्वर कमी-जास्त करायच्या सोयीवर) भागवावं लागतं. पोर्टच्या, म्हणजे बास बाहेर यायला खोक्याला ठेवलेल्या, भोकात स्पंजचा बोळा घालणं हाही चांगला उपाय आहे, काही कंपन्या तसे बोळे सोबत देतात.

पण भिंतींचा स्वभाव कोणताच स्पीकर पूर्ण बदलू शकत नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांत ५६ च्या आसपास आवाज उभ्या उभ्या घुमतो. तिथे सबवूफर आणला की शेजाऱ्यांचा दरवाजा वाजणार. त्यापेक्षा जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, पुस्तकांचं कपाट, आणि ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असं स्टँड. स्टँडऐवजी भक्कम स्टूलही चालतो. यावर खर्च केलेला हजार रुपया स्पीकरवर वाढवलेल्या पाच हजारांपेक्षा जास्त ऐकू येतो.

टीव्हीला जोडायचे आहेत. काय पाहू?

स्पीकरला ऑप्टिकल इनपुट किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर घेणारी जोडणी) आहे का ते. नव्या टीव्हींना हेडफोनचं भोक असेलच असं नाही. एडिफायर आर१२८०डीबीमध्ये ऑप्टिकल आहे, आर१२८०टीमध्ये नाही; एवढ्या एका फरकासाठी लोक चुकीचं मॉडेल मागवून बसतात.

ऑप्टिकल जोडूनही आवाज आला नाही तर स्पीकर परत करू नका. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा स्टिरिओ) करा. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि स्वस्त स्पीकरला ते उलगडता येत नाही.

स्पीकरमधून हम्म असा आवाज सतत येतो. बिघडलेत का?

बहुधा नाही. लॅपटॉप एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन्ही थ्री-पिन असतील तर अर्थिंगचे दोन मार्ग ऑडिओ केबलमधून एकमेकांना मिळतात आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आवाजात शिरते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर कारण सापडलं. तरीही राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओ केबलमधला अर्थिंगचा मार्ग तोडणारी छोटी डबी) लावा किंवा टीआरएस केबलने बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण रद्द करणारी) जोडणी करा. अर्थिंगची पिन तोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. धातूचं अंग असलेल्या उपकरणात ती पिन जीव वाचवते.

हा त्रास ॲक्टिव्हमध्ये जास्त दिसतो, कारण प्रत्येक खोक्याला स्वतःची वीज लागते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच भुणभुण येत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का पाहा. साइन वेव्हवर ती सहसा नसते.

जास्त टिकतं काय? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

पॅसिव्ह निवडण्याचं सर्वात मोठं कारण माझ्या मते हेच. पॅसिव्ह खोक्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. वीस-तीस वर्षांचे स्पीकर आजही वाजतात. ॲम्प गेला तर ॲम्पच बदलायचा. कोन फाटला, कडा गेली तर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली की काम करणारा माणूस सापडतो. तालुक्याच्या गावीही साउंडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे असतातच.

ॲक्टिव्हमध्ये ॲम्प, पॉवर सप्लाय, कधी ब्लूटूथ आणि डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) असं सगळं एका पाटीवर (सर्किट बोर्डावर), वूफरच्या थरथरीत आणि बंद खोक्याच्या उष्णतेत. त्यातला एक भाग गेला की चांगले वूफर-ट्वीटर असूनही खोकं मुकं. वॉरंटीनंतर कंपनी पाटी देईल की नाही, तीच खरी मेख. म्हणून ॲक्टिव्ह घेताना वॉरंटी भारतातली आहे का आणि तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का हे दुकानदाराला लेखी विचारा. ५०० रुपये वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेऊ नका.

कोकणात, गोव्यात, मुंबईत हवा दमट. तिथे वूफरची कडा रबराची घ्या. फोमची कडा काही वर्षांत भुकटी होऊन गळते. पावसाळ्यात स्पीकर पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ वाजू द्या. आतली ऊब ओल धरू देत नाही.

भाऊ अमेरिकेतून येतोय. तिथून आणायला सांगू का?

पॅसिव्ह असतील तर व्होल्टेजचा प्रश्नच नाही. ॲक्टिव्ह असतील तर मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का, याचा फोटो त्याच्याकडून आधी मागवा. फक्त ११५ किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावताच फ्यूज तरी जाईल नाहीतर पाटी. आणि दोन्ही प्रकारांत, तिथली वॉरंटी इथे बहुधा चालत नाही.

स्पीकरची वायर किती महाग घ्यावी?

महाग नको. इलेक्ट्रिशियनच्या दुकानातली १.५ स्क्वेअर एमएमची चांगल्या तांब्याची लवचिक वायर घ्या. पाच मीटरला जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम होतो. ६-८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मात्र टाळा. लाल ते लाल, काळं ते काळं नीट जुळवा. एका बाजूला उलटं झालं तर बास गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो.

दुकानात दोन जोड्या ऐकून कसं ठरवायचं?

आपली ओळखीची दोन-तीन गाणी फोनमध्ये डाउनलोड करून न्या. दुकानदाराची डेमो गाणी प्रत्येक स्पीकर चांगला वाजावा म्हणूनच निवडलेली असतात. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करायला लावा. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, मग तो खरोखर चांगला असो की नसो. फोनवरच्या डेसिबल ॲपने अंदाजे जुळवलं तरी चालेल. लूडनेस, ‘बास बूस्ट’ वगैरे बटणं बंद करायला सांगा.

पहिल्या दहा सेकंदांत भुरळ घालणाऱ्या जोडीपेक्षा अर्ध्या तासानंतर न थकवणारी निवडा. दुकानात एवढा वेळ मिळत नसेल तर परत करण्याची मुदत विचारून घरी आणा, आपल्या भिंतींत, आपल्या जागेवर बसून ऐका, आणि तोवर खोकं आणि थर्माकोल फेकू नका.